जुना डव्हटेल जिग बघायला जाताय? चार फळ्या आणि राउटर घेऊन जा

आमच्या बेडरूमसाठी नऊ ड्रॉवरचं एक कपाट करायला घेतलंय. नऊ ड्रॉवर म्हणजे छत्तीस कोपरे, आणि मला प्रत्येक कोपरा डव्हटेलचाच, म्हणजे पसरट शेपटीच्या आकाराचे दाते एकमेकांत अडकवलेल्या सांध्याचाच, हवा होता. खिळे आणि ग्लूवर बसवलेला ड्रॉवर पाच-सहा वर्षं रोज ओढला की समोरची फळी हातात यायला लागते हे मी स्वतःच्या घरात बघितलंय. डव्हटेलमध्ये शेपटी पुढे रुंद आणि मागे अरुंद असते, त्यामुळे ड्रॉवर ओढायच्या दिशेने सांधा सुटूच शकत नाही, ग्लू म्हातारा झाला तरी लाकूडच लाकडाला धरून ठेवतं. मला हाताने कापता येतात, करवत आणि पटाशी घेऊन दोन छोट्या पेट्या केल्यात आणि त्या कामात जो आनंद आहे तो आहेच, पण मला एका कोपऱ्याला सव्वा तास लागतो. छत्तीस कोपरे गुणिले सव्वा तास, त्यात नोकरी सांभाळून मिळणारे फक्त शनिवार-रविवार, आणि इथे ओंटारियोत गराजमध्ये थंडीचे चार महिने ग्लूसुद्धा नीट धरत नाही. म्हणून जिग घ्यायचा ठरलं, म्हणजे फळ्या धरून राउटरला (फिरत्या बिटने लाकूड कोरणाऱ्या मशीनला) ठरलेली वाट देणारा साचा, आणि नवा चोवीस इंची जिग आमच्या बजेटच्या बाहेर होता म्हणून सेकंडहँड.

मी दोन जिग घेतले. पहिला चुकला, दुसरा बरोबर निघाला, आणि मधल्या दोन महिन्यांत जे कळलं ते कुणाच्या तरी उपयोगी पडेल म्हणून सविस्तर लिहितोय.

आधी जिगचे प्रकार, कारण जाहिरातीत सगळ्यांना नुसतं 'डव्हटेल जिग' म्हणतात. बाजारात सगळ्यात जास्त दिसतो तो फिक्स टेम्प्लेटवाला, कंगव्यासारखी एक पट्टी असते, दाते ठरलेल्या अंतरावर. बाजूची फळी उभी लावायची, समोरची फळी आडवी लावायची, अर्ध्या अंतराने सरकवून, आणि राउटर फिरवला की दोन्ही फळ्या एकाच वेळी कापल्या जातात. याला हाफ-ब्लाइंड सांधा म्हणतात, समोरून काही दिसत नाही, बाजूने शेपट्या दिसतात. ड्रॉवरसाठी हाच लागतो. जुन्या 1/2 इंची टेम्प्लेटमध्ये दोन दात्यांतलं अंतर बहुतेक वेळा 7/8 इंच असतं, म्हणजे ड्रॉवरची उंची 3 1/2, 4 3/8, 5 1/4, 7 अशी 7/8 च्या पटीत ठेवली तर वर-खाली दोन्हीकडे सारखी अर्धी पिन (दोन शेपट्यांच्या मधे बसणारं लाकूड) येते, नाहीतर एका कडेला कुठेतरी चिपटी पिन उरते आणि ती दिसायलाही वाईट आणि तुटायलाही पहिली. पोर्टर-केबलची 4200 सिरीज पण फिक्सच, पण तिथे अंतर 1 इंच. त्यात 4210 मध्ये फक्त हाफ-ब्लाइंडची टेम्प्लेट, 4212 मध्ये थ्रू डव्हटेलची (ज्यात सांधा दोन्ही बाजूंनी दिसतो) टेम्प्लेट पण येते, 4216 मध्ये बारीक डव्हटेलची आणखी एक. या जिगची मला आवडलेली गोष्ट म्हणजे बिट किती खोल ठेवायचं याच्या रेषा टेम्प्लेटवरच आहेत, नवीन माणसाला फार सोपं जातं.

दुसरा प्रकार म्हणजे सुटी बोटं असलेला. यात आमच्या कॅनडाचा ली, ब्रिटिश कोलंबियातल्या पोर्ट कोक्विटलमची कंपनी, आणि त्यांचा डी4 हा जिग जुन्या बाजारात अजून बऱ्यापैकी सापडतो. चोवीस इंच रुंद फळी बसते, आणि प्रत्येक बोट ढिलं करून हवं तिथे सरकवता येतं. म्हणजे ड्रॉवरची उंची जिग ठरवत नाही, तुम्ही ठरवता. माझ्या कपाटात वरचे ड्रॉवर 4 इंच, मधले 6, खालचे 8, आणि हे आकडे मला बदलायचे नव्हते. खरं तर इथेच निर्णय झालेला होता पण तेव्हा माझं लक्ष किमतीवर होतं.

पहिला जिग 60 डॉलरला घेतला. फिक्स टेम्प्लेट, 12 इंची, अॅल्युमिनियमचा. एका कॉफी शॉपच्या पार्किंगमध्ये संध्याकाळी साडेसहाला, नोव्हेंबर महिना, म्हणजे पूर्ण अंधार. विकणाऱ्याने डिकी उघडली, मी क्लँप आवळून बघितले, नॉब फिरवून बघितले, सगळं छान चालत होतं, पैसे दिले आणि घरी आलो. शनिवारी पॉप्लरच्या फळ्या लावल्या, कापल्या, सांधा अर्धा आत गेला आणि अडकला. वाटलं बिटची खोली चुकली. कमी केली तर तोच कोपरा अडकायचा आणि बाकीचे ढिले व्हायचे. राउटरचा बुश (बिटभोवतीची नळी) बदलून बघितला, बिट नवीन आणलं, फळी गुण्यात, म्हणजे काटकोनात, आहे का बघितलं, दोन वीकएंड गेले आणि पॉप्लरच्या अकरा फळ्या तुकड्यांत गेल्या.

त्या वेळी माझे सासरे, आम्ही अण्णा म्हणतो, कोल्हापूरहून सहा महिन्यांसाठी आलेले. अण्णांची सगळी नोकरी शिरोलीच्या एमआयडीसीत, फाउंड्रीच्या पॅटर्न शॉपमध्ये झाली. म्हणजे लोखंड ओतायच्या आधी त्या भागाचा लाकडी नमुना करायचा, आणि लोखंड थंड होताना आकसतं म्हणून नमुना तेवढा मोठा ठेवायचा, असल्या कामात पस्तीस वर्षं. राउटरचा जिग त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा बघितला. दुसऱ्या रविवारी चहा घेऊन गराजमध्ये आले, मी काय करतोय ते पाच मिनिटं बघितलं, आणि म्हणाले, "समीरराव, मशीन बंद करा आधी. ती पट्टी सोडून इकडं द्या."

टेम्प्लेट काढून दिली. त्यांनी ती खिडकीच्या उजेडाकडे धरली नाही की चष्मा लावला नाही, डाव्या हाताच्या अंगठ्याचं नख एकेका दात्याच्या आतल्या कडेवरून फिरवत गेले. पहिला, दुसरा, तिसरा. चौथ्यावर नख थांबलं. "हितं लागतंय बघा." मी नख फिरवलं, काही कळेना. परत फिरवलं, मग लागलं. दात्याच्या खालच्या बाजूला, म्हणजे वरून बघितलं तर दिसणारच नाही अशा जागी, तांदळाच्या अर्ध्या दाण्याएवढा टवका उडालेला होता आणि कुणीतरी तो कानसीने घासून गुळगुळीत केलेला होता. चमक सगळीकडे सारखी, म्हणून डोळ्याला फसवत होता.

हे कसं होतं ते सांगतो कारण जुन्या जिगचा सगळ्यात मोठा आजार हाच आहे. राउटरच्या खाली एक बुश असतो, पितळी किंवा लोखंडी गोल नळी, त्यातून बिट खाली येतं. बुश दात्यांच्या कडेला घासत जातो म्हणून बिट दात्याला लागत नाही. पण डव्हटेलचं बिट खाली रुंद असतं. काम संपल्यावर राउटर चालू असतानाच कुणी वर उचलला की ते रुंद टोक सरळ दात्यात घुसतं. एक सेकंदाचं काम, बिट पण जातं आणि टेम्प्लेट पण. राउटर कधीच वर उचलायचा नाही, आपल्याकडे सरळ ओढून जिगच्या बाहेर काढायचा, स्विच बंद करायचा आणि पूर्ण थांबेपर्यंत हात स्थिर ठेवायचा. ज्याच्या दात्याला टवका आहे त्यात बुश तिथे जरासा आत जातो, बिट तेवढंच जास्त लाकूड खातं, आणि तो एक सांधा आयुष्यभर बिघडलेला राहतो. माझ्या जिगला मिळेल अशी सुटी टेम्प्लेट शोधली, मॉडेल बंद होऊन बरीच वर्षं झालेली, मिळाली नाही.

मला त्या विकणाऱ्याचा राग आला होता, तो अजून पूर्ण गेलेला नाही. कानस मारली म्हणजे त्याला माहीत होतं. असो.

दुसऱ्या वेळी घाई केली नाही. किजीजीवर, म्हणजे इकडच्या जुन्या वस्तूंच्या जाहिरातींच्या साइटवर, शोध सेव्ह करून ठेवला, टोरोंटोपासून शंभर किलोमीटर, आणि सात आठवडे थांबलो. या काळात साधारण पंधरा जाहिराती आल्या असतील. 'फक्त दोनदा वापरलाय' असं लिहिलेल्यांना मी मुद्दाम विचारायचो की दात्यांच्या आतल्या कडेचा आणि खालच्या बाजूचा फोटो पाठवाल का, बुश आणि बिट बरोबर आहेत का, मॅन्युअल आहे का, आणि शेवटचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा, की मी माझा राउटर आणि फळ्या घेऊन येतो, तुमच्याकडे एक सांधा कापून बघू का. या प्रश्नाला मिळालेलं उत्तर बऱ्याचदा जिगपेक्षा जास्त सांगतं. एकाने लिहिलं की घ्यायचा तर घ्या, टेस्ट वगैरे नाही. गेलोच नाही. एकाने लगेच फोटो पाठवले पण बुश हरवलेला, बिट हरवलेली, बाजूचे स्टॉप एका बाजूचे गायब, आणि किंमत मात्र पूर्ण सेटची. सुट्या वस्तूंची बेरीज केली तर जिग स्वस्त राहत नाही, हा हिशोब घरी बसून आधी करायचा, गराजमध्ये उभं राहून होत नाही.

मग ग्वेल्फच्या जवळून एका आजोबांचं उत्तर आलं. ली डी4, चोवीस इंची, 325 डॉलर. घर विकून काँडोत जाणार होते, हातांना संधिवात झालेला. सांधा कापायच्या प्रश्नावर त्यांनी लिहिलं की नक्की या, बेंच मोकळं करून ठेवतो, आणि कान झाकायचं घेऊन या, माझ्याकडे एकच आहे. अण्णांना म्हटलं येता का, ते शर्ट बदलूनच खाली आले.

बरोबर काय नेलं ते सांगतो. माझा पोर्टर-केबल 690 राउटर, डिजिटल कॅलिपर, छोटा गुण्या, सरळ पट्टी, आणि पॉप्लरच्या चार फळ्या, दोन 1/2 इंच जाडीच्या ड्रॉवरच्या बाजूसाठी आणि दोन 3/4 इंच जाडीच्या समोरच्यासाठी, सगळ्या एकाच रुंदीच्या आणि टोकं गुण्यात कापलेली. फळीचं टोक गुण्यात नसेल तर सांधा वाकडा येतो आणि दोष विनाकारण जिगच्या माथी जातो. शिवाय 8 मिमीचं कोलेट रिड्यूसर नेलं, म्हणजे कोलेटमध्ये (राउटर बिटचा दांडा जिथे पकडतो त्या भोकात) बारीक दांडा बसवायची नळी. डी4 घेणाऱ्यांनी हे लक्षात ठेवा, लीच्या बऱ्याच डव्हटेल बिटांचा दांडा 8 मिमी असतो कारण तो 7/16 इंची बुशमधून जायला हवा, आणि इकडच्या राउटरचं कोलेट 1/2 किंवा 1/4 इंचाचं. मधे ते रिड्यूसर नसेल तर बिट असून उपयोग नाही.

आजोबांचं गराज स्वच्छ, प्रत्येक पटाशीला कातड्याची टोपी. अण्णा दोन मिनिटं त्या पटाश्यांपाशीच उभे राहिले. दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती, अण्णांनी एका पटाशीची धार नखावर टेकवून बघितली आणि मान डोलावली, आजोबांनीही मान डोलावली.

मग जिग. आधी बॉडीवर सरळ पट्टी ठेवून बघितली, कुठे वाकलेली नाही ना, कारण पडलेला जिग बाहेरून चांगला दिसतो पण फळी पूर्ण टेकत नाही. क्लँपमध्ये फळी लावून दोन्ही हातांनी जोरात ओढली, हलली नाही. अण्णांनी बोटं घेतली, एकेक सुटं करून पट्टीवर सरकवलं, नख फिरवलं, परत आवळलं. आवळायचे स्क्रू चौकोनी भोकाचे, रॉबर्टसनचे. पी. एल. रॉबर्टसनने 1908 मध्ये कारखाना काढला तो आमच्या घरापासून वीस मिनिटांवर, मिल्टनला, त्यामुळे इकडे जुन्या हत्यारांमध्ये हे स्क्रू सगळीकडे. या स्क्रूंची भोकं गोल झालीत का ते बघा, गोल झाली असतील तर बोट घट्ट बसणार नाही आणि राउटरच्या थरथरीने हळूहळू सरकत जाईल. इथे दोन स्क्रू थोडे खाल्लेले होते, बाकी सगळे कडक. बोटांवर टवका एकही नाही. दोन्ही टोकांच्या स्केलवरचे आकडे वाचता येत होते, हेही बघायचं, कारण पट्टी पुढे-मागे किती सरकवली हे त्या स्केलवरच कळतं आणि थ्रू डव्हटेलचा घट्टपणा तिथूनच ठरतो.

आणि मग सांधा कापला. या जिगमध्ये शेपट्या आणि खाचा वेगवेगळ्या कापायच्या असतात, बोटांची पट्टी उलटी करून. आजोबांनी एकही सूचना न वाचता ती उलटली, हात सवयीने गेला, तेव्हाच मला कळलं की जिग वापरातला आहे आणि नीट वापरलेला आहे. पहिला सांधा ढिला आला, हाताने दाबला तरी आत जाऊन डुगडुगायचा. हाफ-ब्लाइंडमध्ये ढिला आला की बिट जरा आणखी खोल करायचं. पहिल्यांदा हे मला उलटं वाटायचं. पण बिट टोकाला रुंद आणि वर अरुंद आहे, जितकं खोल जाईल तितकं खाचेचं तोंड लहान होतं आणि दोन कापांच्या मधे उरलेली शेपटी जाड होते, म्हणून सांधा घट्ट. बिट कागदाच्या जाडीएवढं खाली घेतलं, टोकं कापून परत लावली. दुसरा सांधा जवळ आला. आणखी केसभर खाली. तिसरा सांधा हाताने अर्ध्यापर्यंत गेला आणि तिथे थांबला, आजोबांनी लाकडी हातोडी दिली, दोन हलके ठोके, आणि टक् असा भरीव आवाज येऊन बसला. अण्णांनी तो हातात घेतला, दोन फळ्यांच्या जोडावरून अंगठा फिरवला, मग फळीच्या एका टोकाला धरून झटका दिला. काही हललं नाही. "घ्या," एवढंच म्हणाले.

मी 325 चे 280 म्हटलं, कारण दोन स्क्रू खराब, एक 14 अंशाचं बिट बोथट झालेलं, आणि मूळ मॅन्युअल नव्हतं. आजोबांनी 290 म्हटलं, आणि तीन पटाशीच्या टोप्या अण्णांच्या हातात ठेवल्या. झाला सौदा. मॅन्युअलची काळजी नव्हती, लीच्या साइटवरून जुन्या मॉडेलचंही उतरवून घेता येतं. चालू कंपनीचा जुना जिग घेण्याचा मोठा फायदा हा, पहिल्या जिगच्या वेळी मी याच गोष्टीमुळे अडकलो होतो.

घरी आणल्यावर एक दिवस फक्त साफसफाई. बोटं जिथे सरकतात तिथे वर्षांचा भुसा आणि वॅक्स मिळून चिकट थर झालेला, तो जुन्या टूथब्रशने काढला, नवीन वॅक्स लावलं. क्लँपच्या दांड्याखाली 150 नंबरचा सँडपेपर चिकटवला, त्याने गुळगुळीत मेपलसुद्धा सरकत नाही. बुश बिटच्या बरोबर मधोमध आहे का तेही कॅलिपरने बघितलं, जरासा फरक होता, म्हणून राउटरचं हँडल नेहमी एकाच दिशेला ठेवून चालवतो, मग तो फरक सगळ्या कापांत सारखाच राहतो आणि सांध्यात दिसत नाही. आणि पूर्ण कापायच्या आधी उजवीकडून डावीकडे एकदा अगदी हलका, मिलिमीटरभर काप घेतो, त्याने फळीच्या दर्शनी बाजूला ढलप्या उडत नाहीत. ही चाल राउटरला पुढे ओढते, त्यामुळे पकड घट्ट हवी आणि काप खरंच हलका हवा.

आता एका कोपऱ्याला सेटिंग झाल्यावर बारा मिनिटं लागतात. सहा ड्रॉवर झाले. अण्णांचं विमान चौदा तारखेला आहे आणि नववा ड्रॉवर बसलेला बघून जाणार असं ते म्हणालेत, त्यामुळे उद्या सकाळी 8 इंची ड्रॉवरच्या फळ्या रंधायला घेतोय. तो ग्वेल्फचा तिसरा सांधा त्यांनी बॅगेत भरलाय, पॅटर्न शॉपमधले त्यांचे दोघे मित्र अजून शिरोलीलाच असतात, त्यांना दाखवायला.